गोमंतकाच्या किनाऱ्यावरील भोजनगृहे : एक रसविचार

टीकेचा विषय व्हावयाचा तर ग्रंथ, नाटक, चित्र किंवा गायन यांपैकी काही तरी असले पाहिजे, असा आमच्या सुशिक्षित वर्गाचा समज आहे. भोजनाविषयी लिहावयाचे म्हणजे एक तर पाककृतींचे पुस्तक लिहावयाचे, नाही तर प्रवासवर्णनात दोन खुसखुशीत परिच्छेद घालावयाचे. याहून अधिक योग्यता त्या विषयास कोणी देत नाही. ही गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. ज्या एका शब्दावाचून आमच्या साहित्यशास्त्राचे पाऊल पुढे पडत नाही, तो 'रस' हा शब्द भरतमुनींनी समजावून दिला तो स्वयंपाकघरातील दृष्टांताने. नाना प्रकारची व्यंजने, औषधी आणि द्रव्ये यांच्या संयोगाने जसा अन्नात रस निष्पन्न होतो, तसा नाना भावांच्या संयोगाने तो नाट्यात होतो, असे नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. आणि या रसाचा आस्वाद 'सुमनस' पुरुष घेतात, अशी पुस्तीही तेथेच जोडली आहे. म्हणजे अन्नाच्या गुणाइतकीच जेवणाराच्या मनाची सिद्धता आचार्यांनी आवश्यक मानली. काव्यविचाराने स्वयंपाकघराकडून एवढे मोठे ऋण घेतले असता, त्याची अल्पशी फेड म्हणून काव्याची कसोटी एकदा अन्नास लावून पाहण्यास कोणाची हरकत नसावी.

या परीक्षणासाठी आम्ही गोमंतकाचा समुद्रकिनारा निवडला आहे. त्याची कारणे दोन. पहिले असे की, उत्तरेस केरीपासून दक्षिणेस पोळेपर्यंत पसरलेल्या सुमारे शंभर किलोमीटरांच्या या पट्टीवर जितक्या भिन्न प्रकृतीची भोजनगृहे शेजारी शेजारी नांदतात, तितकी आपल्या देशात अन्यत्र क्वचितच आढळतील. दुसरे कारण आमच्या वाचकांच्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. पुण्या-मुंबईच्या आणि कोल्हापूर-बेळगावच्या मध्यमवर्गीय कुटुंबांना गोवा परका नाही. कित्येक घराण्यांची कुलदैवते तेथे आहेत. पूर्वी माणसे मंगेशी, म्हार्दोळ किंवा कवळे येथे दर्शनास जात आणि देवळाच्या आगरशाळेत उतरत. आज त्याच घरांतील मुले व नातवंडे कळंगुट, कोलवा आणि पाळोळे येथे सुटी घालवितात. ती परत आली म्हणजे 'काय पाहिलेस?' या प्रश्नाच्या आधी 'काय खाल्लेस?' हा प्रश्न होतो, आणि त्याची जी उत्तरे ऐकू येतात ती ऐकून आमच्या रसिकतेविषयी फारसा अभिमान वाटेनासा होतो. कोणी समुद्राकडे तोंड करून खाल्लेल्या मंचूरियनची वाखाणणी करतो, कोणास पनीरची भाजी थेट घराजवळच्या हॉटेलासारखी मिळाली याचा आनंद झालेला असतो, आणि कोणी तर पदार्थाचे नाव विसरून केवळ सूर्यास्ताचेच वर्णन करू लागतो. सूर्यास्त सुंदर असतो यात वाद नाही; परंतु तो भोजनगृहाच्या मालकाने केलेला नसतो.

तेव्हा प्रश्न असा की, समुद्रकाठचे भोजन स्मरणीय ठरावयाचे ते कशाने? अकराव्या शतकातील काश्मीरच्या क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' या ग्रंथात औचित्य हे रससिद्ध काव्याचे जीवित होय, असे प्रतिपादन केले आहे. कमरेची मेखला गळ्यात बांधली तर सोने तेच राहूनही शोभा नाहीशी होते, हा त्याचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. आमच्या मते भोजनगृहाचे परीक्षण करण्यास याहून सोयीची कसोटी नाही. भोजनाचे औचित्य त्रिविध असते : एक स्थळाचे, दुसरे काळाचे आणि तिसरे हाताचे. जे अन्न ज्या भूमीत व ज्या पाण्यात निपजते तेथे ते खाल्ले जावे, हे स्थळाचे औचित्य. ज्या ऋतूत ते असते त्या ऋतूत ते यावे, हे काळाचे. आणि ज्या माणसास ते कसे असावे हे आठवते त्याच्या हातून किंवा त्याच्या नजरेखाली ते सिद्ध व्हावे, हे हाताचे. ही तिन्ही एकत्र आली म्हणजे बांगड्याचे साधे हुमणही जन्मभर स्मरणात राहते. उलटपक्षी एखादे ताट किनाऱ्यावरून उचलून नागपुरास किंवा दिल्लीस नेऊन ठेवले आणि त्यात यत्किंचितही उणे पडले नाही, तर ते ताट किनाऱ्याचे नव्हे. समुद्र तेथे भिंतीवरच्या तसबिरीप्रमाणे नुसता टांगलेला आहे, असे समजावे.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, ही शुद्धाशुद्धतेची भाषा गोव्याच्या अन्नास मुळीच लागू पडत नाही. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांबरोबर अमेरिकेतील मिरची, बटाटा, काजू, अननस, पेरू आणि पपई ही सारी या किनाऱ्यावर उतरली. आज ज्यास आपण अस्सल गोमंतकीय म्हणतो त्यातील अर्धेअधिक साहित्य चार-पाच शतकांपूर्वी तेथे नव्हतेच. हा आक्षेप खरा आहे, आणि आमच्या मताचा तो विरोधी नसून पोषकच आहे. भाषाशुद्धीच्या वादात आपल्याकडे हाच प्रश्न निघाला होता. पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडूनच मराठीत आले. पण 'पगाराला', 'चावीने', 'बटाट्याचा' असे आपण निःशंकपणे म्हणतो. शब्द परका राहिला की आपला झाला, हे त्याच्या जन्मस्थानावरून ठरत नाही. तो आपल्या विभक्तीचे प्रत्यय घेतो की नाही, यावरून ठरते. स्वयंपाकघरालाही व्याकरण असते. नारळ, कोकम, तिरफळ, चिंच आणि माडीचा शिरका हे गोव्याच्या स्वयंपाकाचे प्रत्यय होत. जो पाहुणा पदार्थ हे प्रत्यय घेण्यास तयार झाला तो घरचा झाला. जो न घेता तसाच बसून राहिला तो कितीही वर्षे राहिला तरी पाहुणाच.

याचे सर्वोत्तम उदाहरण व्हिंदालू हे होय. मद्य आणि लसूण यांत मुरविलेले मांस हा मूळचा पोर्तुगीज प्रकार. गोव्यात द्राक्षाचे मद्य दुर्मीळ; म्हणून त्याच्या जागी माडीचा शिरका आला, मिरचीने रंग व तिखटपणा दिला, मिरी, दालचिनी, जिरे आदी मसाल्यांनी आपापला हक्क बजावला, आणि मूळ पदार्थाच्या आप्तांनाही ओळखू येणार नाही असा एक नवा पदार्थ जन्मास आला. त्याच्या नावातील शेवटचे 'आलू' हे बटाट्याचे नव्हे, ते लसणाच्या पोर्तुगीज नावाचे रूपांतर आहे. गोव्याबाहेरील कित्येक हॉटेलांत या पदार्थात बटाटे घालतात. व्युत्पत्तीच्या अज्ञानाचे इतके रुचकर उदाहरण दुसरे मिळणे कठीण. हिरव्या कोथिंबिरीत व मिरचीत मुरविलेले काफ्रियाल आफ्रिकेच्या मार्गाने आले; मसाला भरलेल्या बांगड्याचे 'रेशाद' हे नाव 'भरलेला' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचेच रूप आहे. ही सर्व मंडळी पाहुणी म्हणून आली आणि प्रत्यय घेऊन घरची झाली.

परंतु प्रत्यय घेणे म्हणजे काय, हेही नीट समजून घेतले पाहिजे. व्हिंदालूस माडीचा शिरका लागतो. गोव्यात माडीस 'सूर' म्हणतात. ती काढावयास रेंदेर माडावर चढावा लागतो, आणि तोही रोजच्या रोज. हे काम कष्टाचे व जिवावरचे असल्यामुळे रेंदेरांची मुले त्यात पडण्यास नाखूष असतात, आणि रेंदेरांची संख्या घटत चालली आहे. पूर्वी पावाची कणीकही सुरेनेच फुगवीत. आता बहुतेक ठिकाणी ते काम बाजारचे यीस्ट करते. रेंदेर गेला की सूर गेली, सूर गेली की शिरका बाटलीतला येतो, आणि मग व्हिंदालूचे नाव तेवढे उरते. माडाविषयी सरकारी विचार कसा हेलकावे खात होता तेही पाहण्यासारखे आहे. २०१६ साली कायद्यात दुरुस्ती करून माडास 'वृक्ष' या व्याख्येतून वगळण्यात आले, आणि २०१७ साली त्याच माडास राज्यवृक्षाचा मान देण्यात आला! काजूच्या फेणीस २००९ साली आणि बेबिंकास २०२३ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण निर्देशांक नावाचे रक्षण करतो. नारळाचे दूध, अंडी व साखर यांचा एकेक थर ओतून, वरून निखाऱ्याची धग देत, मागचा थर भाजून निघाल्यावाचून पुढचा न घालणाऱ्या हाताचे रक्षण करण्यास कोणताही कायदा समर्थ नाही. ते काम जेवणारालाच केले पाहिजे.

आता प्रत्यक्ष भोजनगृहांकडे वळू. समुद्रतीराचा विचार करताना प्रवासी पणजी शहरास सहसा वगळतात, ही त्यांची पहिली चूक. कॅफे टाटो किंवा कॅफे भोसले यांसारख्या उपाहारगृहांत सकाळी जाऊन बसावे. तेथे समुद्र दिसत नाही, वारा येत नाही, आणि गर्दी असली तर अनोळखी माणसाच्या समोर बसावे लागते. पण पातळ भाजी, सुकी भाजी, नारळाच्या वाटणातील टोणक, मिरचीची भजी आणि किंचित गोडसर फुगलेले बन यांनी त्या साध्या टेबलावर जी सभा भरते, तिला तोड नाही. पाव पोदेराकडचा. पोदेर हा शब्द पोर्तुगीज, पाव ही वस्तू पोर्तुगीज, आणि त्याबरोबर खावयाची भाजी मात्र हिंदू घरातील : दोन संस्कृतींचा इतका अबोल समेट इतिहासाच्या पुस्तकात वाचावयास मिळत नाही. उंडे, कोंड्याची पोळी, कडक काकणे आणि कातऱ्याचा पाव हे प्रकार घेऊन सायकलीवरून भोंगा वाजवीत जाणारा पोदेर अजूनही गावोगाव दिसतो. कचेरीत जाणारा कारकून, बाजारास आलेला शेतकरी आणि वकील एकाच टेबलावर तेच अन्न खातात. ज्या भोजनगृहात गावातील माणूस रोज येतो, त्या भोजनगृहाची परीक्षा रोज होत असते. आणि रोज परीक्षा देणारा विद्यार्थी सहसा नापास होत नाही.

दुपारचे मासळीचे जेवण हा याच्या पुढचा अध्याय. पणजीतील रिट्झ क्लासिक येथे दुपारी जागेसाठी तिष्ठत राहावे लागते, यावरूनच त्याची कीर्ती दिसून येते. परंतु याच जातीच्या लहान खाणावळी म्हापशास, मडगावास आणि गावोगाव आहेत. ताटात भात, हुमण, रव्यात घोळून तळलेली मासळीची तुकडी, तिसऱ्यांचे सुके, सुक्या सुंगटांची किसमूर, एखादी भाजी, लोणचे आणि सोलकढी. या ताटाची रचना साहित्यशास्त्राच्या भाषेत सांगावयाची तर, भात आणि हुमण हा स्थायी भाव. बाकीची मंडळी व्यभिचारी भाव होत. ती येतात, क्षणभर चमकतात आणि स्थायीला पुष्ट करून निघून जातात. किसमुरीचा खमंग कुरकुरीतपणा, सोलकढीचा आंबट गारवा आणि बांगड्याच्या स्निग्धतेस आवर घालणारा तिरफळाचा उग्र गंध, यांपैकी कोणीही एकट्याने जेवण होऊ शकत नाही. पण सारे मिळून भातास आणि हुमणास जी परिपूर्ती देतात ती पाहिली म्हणजे भरतमुनींनी दृष्टांतासाठी ताटच का निवडले हे कळून येते. या जेवणात नटवेपणा नाही. ताट स्टीलचे असते, वाढपी घाईत असतो, आणि शेजारच्या ताटात काय आहे हे पाहण्यास संकोच वाटत नाही. रसास या गोष्टींची बाधा होत नाही.

ख्रिस्ती घरांच्या परंपरेतून निघालेली भोजनगृहे ही याच साहित्याची दुसरी शैली होय. पणजीच्या फोंतेन्हास भागातील जुन्या घरात थाटलेले व्हिवा पंजीम, काफ्रियालसाठी नावाजलेले साळगावचे फ्लोरेंटाइन, कळंगुटच्या वाळूलगत १९३२ सालापासून चालत आलेले सौझा लोबो आणि १९८९ साली अवघ्या दोन टेबलांवर सुरू झालेले बेताळभाटीचे मार्टिन्स कॉर्नर, ही त्यांतील प्रसिद्ध नावे. यांच्या आरंभाकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. घरात जे शिजत होते तेच थोडे अधिक शिजवून बाहेरच्या माणसास वाढावे, येथून अशा भोजनगृहांचा प्रारंभ होतो. मोरीचे आंबट-तीक, शागुती, सोरपोतेल, रेशाद बांगडा हे पदार्थ तेथे हॉटेलाच्या यादीत येण्यापूर्वी घरच्या सणासमारंभांत पिढ्यान्पिढ्या पारखले गेलेले असतात. सोरपोतेल तर शिजल्या दिवशी खाऊ नये. दोन-तीन दिवस मुरल्यावर त्याची खरी चव लागते, असे जाणते लोक सांगतात. ज्या पदार्थास थांबण्याची सवय आहे, तो घाईच्या गिऱ्हाइकापुढे आला म्हणजे त्याची किती ओढाताण होत असेल, याची कल्पना करावी. लहानाचे मोठे झालेल्या प्रत्येक भोजनगृहापुढे हा प्रश्न उभा राहतो. टेबले दोनाची दोनशे झाली तरी हात तोच ठेवावयाचा कसा? ज्यांनी तो काही अंशी तरी राखला, त्यांची कीर्ती टिकली.

आता ज्यावाचून किनाऱ्याची चर्चा पुरी व्हावयाची नाही, त्या शॅककडे येतो. बांबू, लाकडी खांब व माडाच्या झावळ्या यांची ही तात्पुरती भोजनगृहे सरकारी धोरणानुसार सोडत काढून स्थानिक लोकांस देण्यात येतात, आणि पावसाळ्यापूर्वी ती मोडून वाळू पूर्ववत मोकळी करून द्यावी लागते. या बांधणीत आम्हांस एक प्रकारचे काव्य दिसते. समुद्राच्या अगदी समोर माणसाने कायमचे काही बांधू नये, ऋतूबरोबर यावे आणि ऋतूबरोबर जावे, हे स्थळकाळाचे औचित्य मोठमोठ्या पंचतारांकित इमारतींस साधले नाही, ते या झावळ्यांच्या छपरास साधले आहे.

दुर्दैवाने छपराचे हे औचित्य पदार्थांच्या यादीत उतरत नाही. यादी हाती घ्यावी तो ती दहा-बारा पानांची असते, आणि ती वाचताना भूगर्भशास्त्रज्ञास जसे खडकांचे थर दिसतात तसे प्रवाशांच्या लाटांचे थर दिसू लागतात. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हिप्पी मंडळी हणजुण्यास आली, त्यांच्या आठवणीदाखल मधाचे पॅनकेक उरले आहेत. १९८० नंतर खास विमानांनी युरोपियन लोक येऊ लागले, त्यांच्यासाठी पास्ता व स्टेक आले. पुढे इस्रायली तरुणांसाठी हुमुस आले, रशियन पाहुण्यांसाठी बोर्श्च सूप आले. आणि आता उत्तर हिंदुस्थानातून व आपल्या इकडून येणाऱ्या झुंडींसाठी बटर चिकन, पनीर आणि नूडल्स आले. यांपैकी एकाही पदार्थाने गोव्याचा प्रत्यय घेतला नाही. घेणार तरी कसा? प्रत्येक लाट चार-दोन हंगामांत ओसरते, आणि एखादा पदार्थ पचावयास तर पिढ्या लागतात. असे होता होता यादीचा शब्दकोश झाला, काव्य झाले नाही. कोशात सर्व शब्द असतात. पण कोश वाचून कोणाच्या अंगावर रोमांच उभे राहिल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

यात शॅकवाल्याचा दोष कितपत? आमच्या मते फार थोडा. त्यास परवान्याचे पैसे भरावयाचे असतात, दर वर्षी छप्पर नव्याने उभारावयाचे असते आणि हंगामाच्या सात-आठ महिन्यांत वर्षाची मिळकत करावयाची असते. स्वयंपाकघर एवढेसे, आणि त्यात काम करणारी पोरे बहुधा दूरच्या प्रांतांतून आलेली. हाताचे औचित्य म्हणजे जन्माने गोमंतकीय हात, असा आमचा आशय नाही, हे येथे स्पष्ट करून ठेवतो. घरच्या मालकिणीने जवळ उभे राहून नारळ किती बारीक वाटावयाचा आणि कोकम केव्हा टाकावयाचे हे शिकविले, तर झारखंडचा मुलगाही उत्तम हुमण करील. पण जो पदार्थ कोणी मागतच नाही, तो त्यास शिकवणार कोण? ज्या शॅकमध्ये यादी बाजूला ठेवून 'आज काय आले आहे?' असे विचारले असता मालक स्वतः उठून मासळी दाखवावयास येतो, तेथे निश्चिंत मनाने बसावे. त्या प्रश्नाने भल्या मालकाचा चेहरा उजळतो. कारण त्याच्या घरीही रोज सकाळी हाच प्रश्न विचारला जात असतो.

काळाच्या औचित्यासंबंधी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते. माशांच्या प्रजननाचा तो काळ. म्हणून गोव्यातील गृहिणी मे महिन्यातच सुकी मासळी, कोकम, चिंच, मिरच्या, कांद्यांच्या माळा आणि शिरक्यातील लोणची यांची बेगमी करते. या बेगमीस 'पुरुमेंत' म्हणतात; हाही शब्द पोर्तुगीज, आणि हाही पुरता घरचा झालेला. मडगावास होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताच्या सुमारास या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. अशा दिवसांत सुक्या बांगड्याचा तुकडा निखाऱ्यावर भाजून पेजेबरोबर खाणे हेच उचित, आणि तेच रुचकर. परंतु पर्यटकास भर जुलैतही पापलेट हवा असतो, आणि मग तो परप्रांतांतून बर्फात घालून आणावा लागतो. २०१८ सालच्या जुलैमध्ये बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलीन असल्याच्या संशयावरून गोव्यात केवढे काहूर उठले आणि आयात काही काळ बंद करावी लागली, हे वाचकांस आठवत असेल. त्या प्रकरणातील रसायनशास्त्र बाजूस ठेवले तरी त्यातून टीकाकारास एक बोध मिळतो : ऋतू नाकारणारी भूक अखेरीस ताजेपणाची खात्रीही गमावून बसते.

येथवर आल्यावर या विषयात केवळ जिव्हालौल्याचा प्रश्न नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. उत्तम मासळी हॉटेलांकडे जाते आणि घरच्या वाट्यास महाग व उरलीसुरली येते, ही तक्रार गोमंतकीय घरांतून नेहमी ऐकू येते. भात आणि मासळीची कढी, गोव्याच्या भाषेत 'शीतकडी', हे तेथील गरिबांतल्या गरिबाचे अन्न. ते घरातून उठून केवळ हॉटेलाच्या ताटात जाऊन बसले, तर पाठोपाठ त्याची चवही जाईल. कारण चवीची शाळा घरात असते, हॉटेलात तिची फक्त परीक्षा होते. ज्या मुलाने घरी हुमण खाल्लेले नाही, तो उद्या हॉटेलातले हुमण बिघडले तर ओळखणार कसा? वाङ्मयातही असेच घडते. घरात बोली जिवंत असते तोवरच ग्रंथाच्या भाषेत जीव असतो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ शाकाहारी असतील, आणि या चर्चेत आपणांस स्थान नाही असे त्यांस वाटेल. तसे मुळीच नाही. नाना भाज्या, तुरीची डाळ, नारळ आणि तिरफळ यांचे खतखते, अळसांद्यांचे टोणक, आंबाड्यांचे सासव, चण्याच्या डाळीचे व गुळाचे मणगणे, हळदीच्या पानांत वाफविलेल्या पातोळ्या, हे अन्न देवळांच्या व घरांच्या पंक्तींत शतकानुशतके चालत आले आहे. खतखत्यातील तिरफळाचा वास आणि हुमणातील तिरफळाचा वास एकच. त्यामुळे मासळी न खाणाऱ्यासही गोव्याच्या रसाचे दार बंद नाही. मात्र किनाऱ्यावरच्या बहुतेक याद्यांत शाकाहार म्हणजे पनीर, असे समीकरण झाले आहे. आमच्या पाहण्यात दहा ठिकाणी विचारले तर एका ठिकाणी खतखते मिळते. पण विचारणारे दहाचे शंभर झाले, तर त्या एकाचेही पुष्कळ होतील.

आणि हेच या लेखाचे मुख्य सांगणे आहे. नाटक पडले तर आपण नाटककारास, नटांस आणि कंपनीच्या मालकास नावे ठेवतो. प्रेक्षकांस कोणी ठेवीत नाही. परंतु भरतमुनींनी 'सुमनस' हा शब्द घालून अर्धी जबाबदारी आस्वादकावर टाकली आहे, ती टाळता येण्याजोगी नाही. गोव्याची भोजनगृहे उद्या कशी असतील, हे जितके तेथील मालकांच्या हाती आहे, तितकेच दर वर्षी तिकडे जाणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हाती आहे. आपण घरचेच पदार्थ तेथे मागत राहिलो तर ते देण्यास कोणी ना कोणी तयार होईलच, आणि त्याच्या चुलीवरचे हुमण एक दिवस उतरेल. म्हणून यापुढे गोव्यास जाणाऱ्या कुटुंबांस आमची एवढीच सूचना आहे : एक सकाळ पणजीच्या उपाहारगृहास द्यावी, एक दुपार गावच्या खाणावळीस द्यावी, पावसाळ्यात गेल्यास सुकी मासळी किंवा खतखते मागावे, आणि समुद्रासमोर बसल्यावर यादी उघडण्यापूर्वी आज काय आले आहे ते विचारावे. बरोबर मुले असली तर पहिला घास खाण्यापूर्वी त्यांना तिरफळाचा एक दाणा हातात देऊन त्याचा वास घ्यावयास सांगावे. ती नाक मुरडतील. पण पुढे कधी तो वास आला तर त्यांना गोवा आठवेल.